उसन्या नजरा

स्टुडिओत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. कात्री तिच्या हातात कधीच नव्हती. होते दोन पडदे, एक कीबोर्ड आणि गुडघ्यांवर एक जाड शाल, कारण मशिनं तापू नयेत म्हणून त्या बिनखिडकीच्या खोलीत बारा महिने हुडहुडी भरेल इतका गारवा असे. मालिका लोकांच्या घरी जाण्याआधी तिच्या हाताखालून जायची. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं उडवायचं, एकजण बोलत असताना चेहरा कोणाचा दाखवायचा, हे ती ठरवायची. ठरवताना ती कोणाची भीडभाड ठेवत नसे.

मालिकेची गोष्ट साधी. एक तुसडा कारखानदार आणि त्याच्या आजारी आईची शुश्रूषा करायला आलेली फटकळ नर्स. तो तिला घालूनपाडून बोलतो, ती तोडीस तोड उत्तरं देते, आणि हळूहळू दोघांना एकमेकांतला दडलेला चांगुलपणा दिसायला लागतो. दिसायला लागतो म्हणजे काय, तर तिने पाठ फिरवली की तो तिच्याकडे एकदा हळवं बघतो. आठवड्यातून दोनदा तरी. त्या बघण्यासाठी बायका हातातली कामं टाकून टीव्हीसमोर बसत.

ते बघणं कात्रीबाईचं होतं. नायक काही तसं बघत नसे. चाळिसाव्या भागातली ती नजर, जिची घरोघर चर्चा झाली, ती त्याने नर्सकडे टाकलेलीच नव्हती. टेक संपला होता, कॅमेरा चालू राहिला होता, आणि साहेब दारातून बाहेर बघत होते: ड्रायव्हर आपली नवी गाडी नीट लावतोय ना? डोळ्यांत काळजी होती, ओलावा होता, सगळं अगदी खरं. कात्रीबाईने ते तीन सेकंद उचलले आणि नर्सच्या पाठीमागे चिकटवले. अशा उसन्या नजरांचा तिच्याकडे वेगळा साठाच होता.

मेख अशी, की हा नायक एके काळी तिचा नवरा होता.

नऊ वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदाच एक मालिका दिग्दर्शित करायला मिळणार होती. दोन वर्षं खपून तिने ती लिहिली होती आणि हट्टाने नवऱ्याला तीत घेतलं होतं, कारण तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं. शूटिंगच्या आठ दिवस आधी तो परस्पर निर्मात्याला जाऊन भेटला. "खोलीत बसून ती झकास काम करते," तो म्हणाला, "पण सेटवर तिचा निभाव लागायचा नाही. दुसरं कोणी बघा." दुसरं कोणी म्हणजे त्याचा मित्र. मालिका चालली, नवरा मोठा झाला, संसार मोडला. हे सगळं तिला कळलं ते निर्मात्याच्याच तोंडून, आणि तेही कौतुक म्हणून. "मिस्टर किती काळजी करतात हो तुमची!"

संसाराचं तिला फारसं दुःख नव्हतं. पण ती मालिका आठवली की आजही तिचं अंग पेटे. आणि नशिबाची थट्टा बघा, ज्या माणसाने तिला त्या खोलीत कोंडलं, त्यालाच त्या खोलीत बसून दोनशे भाग सज्जन करायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं.

तीन महिन्यांनी त्याचा करार संपणार होता. तोवर तो लोकांच्या मनातून उतरला, तर कारखानदाराला अपघातात मारायला लेखकाला अर्धा तास पुरला असता. "आता बघतेच," कात्रीबाई स्वतःशी म्हणाली.

तिने साठ्यातल्या नजरा वापरायचं बंद केलं. त्यांच्या जागी त्याच्या स्वतःच्या आल्या: जांभई दाबतानाची, मान खाजवतानाची, समोरची बोलत असताना आरशात केस बघतानाची. यात खोटं काही नव्हतं. उलट पहिल्यांदाच ती त्याला जसा आहे तसा दाखवत होती.

आणि प्रेक्षकांचे आकडे वाढले! पत्रं यायला लागली. "किती सोसतो बिचारा! आरशात बघतो तेव्हा स्वतःलाच दोष देत असतो." कात्रीबाईने कपाळाला हात लावला. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

तिने तो आरशाचा भाग चारदा पाहिला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. चांगुलपणा त्याच्या चेहऱ्यावर कधी नव्हताच. तो नर्सच्या डोळ्यांत होता. नर्स झालेली पोरगी तेवीस-चोवीस वर्षांची, पहिलंच काम. तो काहीबाही बोलत असताना ती अशी ऐकत राही, की नक्कीच याच्या पोटात काही वेगळं असणार असं बघणाऱ्याला वाटे. ती दगडाकडे तशी बघती, तर लोकांनी दगडालाही चहा विचारला असता.

मग कात्रीबाईने पोरीचे डोळे काढायला सुरुवात केली. तिचा खांदा ठेवला, हात ठेवले, पाठमोरी ठेवली. चेहरा जवळून दाखवणं बंद. तीन आठवड्यांत कारखानदार उघडा पडला. लोक म्हणायला लागले, "कसला उद्धट माणूस! हिला दुसरा कोणी मिळत नाही का?" आकडे धाडकन खाली आले.

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या दारात उभा राहिला. "जरा सांभाळून घे गं. माझे चांगले टेक लाव ना."

"हेच चांगले आहेत," ती मान न वळवता म्हणाली. त्या दुपारइतकं गोड जेवण तिला कित्येक वर्षांत लागलं नव्हतं.

सोमवारी या मालिकेचा निर्माता आला. "मुलगी बदलतोय."

"कोणती?"

"नर्स. पोरीच्या डोळ्यांत काही नाही हो. त्याच्याकडे बघतच नाही ती. एवढा मोठा नट वाया चाललाय. शुक्रवारी तिला गोष्टीत परदेशी धाडतो आणि नवीन आणतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी. कात्रीबाईला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं तिने मनाला समजावलं, आणि मनानेही फारशी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी आली. नर्सच्याच कपड्यांत, हातात वही. "ताई, माझे टेक दाखवाल? मी कुठे चुकले ते कळू दे. पुढच्या ठिकाणी तरी तसं व्हायला नको."

एखादा वाईट टेक दाखवून तिची बोळवण करावी म्हणून कात्रीबाई शोधायला लागली. दहा मिनिटं शोधलं. एकही सापडेना. पोरगी पेन उघडून शेजारी बसली होती, शहाण्या विद्यार्थिनीसारखी. शेवटी जे होतं ते लावावंच लागलं.

पोरीने स्वतःला पाहिलं. वहीत काही लिहिलं नाही.

"हे तर सगळं आहे की," ती म्हणाली. "मग गेलं कुठे?"

"मी काढलं."

"का?"

कात्रीबाईने सांगितलं. नवरा, मालिका, करार, सगळं. सांगताना तिला वाटत होतं, ही पोरगी समजून घेईल. त्या मेल्याला समजून घेते, मग मला का नाही?

पोरीने पेनाचं टोपण लावलं. "त्यांनी तुम्हाला एका दिवसात काढलं ताई. मला तुम्ही रोज थोडं थोडं काढत होता. आणि रोज सकाळी मी इथून जाताना मला विचारत होता, काही खाल्लंस का म्हणून."

ती गेली. कात्रीबाईने दार लावून घेतलं आणि गुरुवारचा भाग पुन्हा पहिल्यापासून बांधला. पोरीचा एकेक चेहरा परत ठेवला. त्यामुळे कारखानदार पुन्हा भला माणूस दिसायला लागला, आणि त्याला भला करताना तिची बोटं अक्षरशः दुखली. पण तो भला दिसल्याशिवाय पोरगी वाचत नव्हती.

शुक्रवारी निर्माता नाचत आला. "बघा! पोरीला जरा दम भरला, तशी लागली कामाला!" नर्स राहिली. नायकाचा करारही वाढला, आणखी दोन वर्षांसाठी. पेढे वाटावेत तसं हसत त्याने सगळ्यांशी हात मिळवले, कात्रीबाईशीसुद्धा. तिने तो हात साबणाने धुतला.

तिचा राग तसूभर कमी झालेला नाही. रोज ती त्याला शिव्या घालते आणि रोज त्याला सज्जन करते. सकाळी सव्वानऊला मात्र खोलीचं दार उघडं ठेवून बसते, गारवा बाहेर जातो तरी. त्या वेळी पोरगी दारावरून मेकअपला जाते. सरळ समोर बघत जाते.