धम्मदीपा सिस्टरची गाडी

धम्मदीपाची उंची चार फूट दहा इंच. उपकेंद्रात सलाइनची बाटली टांगायलाही तिला स्टूल लागायचं. राहायला ती रिसोडात आणि नोकरी एकोणीस किलोमीटरवरच्या खेड्यात. सतरा वर्षं ती जीपनं ये-जा करत होती, आणि जीप काही भरल्याशिवाय हलायची नाही. मागच्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत, ऐन कापणीच्या दिवसांत, जीप भरेना आणि लसीकरणाच्या दिवशी तिला पोचायला दीड तास उशीर झाला. बायका वाट पाहून पाहून वावरात निघून गेल्या. अकरा लेकरं लसीविना राहिली. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं चप्पलही न काढता नवऱ्याला सांगितलं, "मी गाडी शिकते."

शेहेचाळिसाव्या वर्षी ती शिकायला बसली. शिकवायला रामधन राठोड, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तोंडानं कडक, पण माणूस धीराचा. पाच आठवड्यांत सरळ रस्ता, गिअर, वळणं जमली. जमेना तो फक्त चढ. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकायची आणि हिचा जीव वर यायचा. "क्लच सोडता सोडता गाडी थरथरते न माय, तिथंच पाय थांबव," रामधन दहादा सांगायचे.

गाडी शोधायचं काम नवऱ्यानं, धम्मरत्ननं, आपल्याकडे घेतलं. तो कॉलेजच्या ऑफिसात बाबू होता. त्यांच्या गल्लीत अजून कुणाच्या दारात चारचाकी उभी राहिली नव्हती, आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. वाशीमच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे, नवीनशेठकडे, त्यानं एक पांढरी, उंच, सात माणसांची गाडी हेरली. ती पाहायला जाताना बसमध्ये त्यानं हळूच सांगितलं, "रविवारी भावायले बलावलं आहे. पेढेही सांगून टाकले."

"मी पाह्यली नाई अजून, अन् पेढे?"

"पाह्यल्यावर तू नाई म्हनूच शकत नाई."

गाडी खरोखर देखणी होती. धम्मदीपा आत चढून बसली तेव्हा समोर तिला फक्त आभाळ आणि एका पिंपळाचा शेंडा दिसला. बॉनेट कुठं संपतं ते कळेना. क्लच पुरता दाबायला ती सीटच्या टोकावर घसरली.

"उशी घ्या मॅडम," नवीनशेठ हसून म्हणाला. "दोन दिवसात सवय होते."

"मले भेव लागून राह्यलं," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली.

"दीपा, लोक पाहून राह्यले. चालव तं खरी."

तिनं चावी फिरवली. पुढच्या सीटवर नवीनशेठ, मागे धम्मरत्न, आणि गाडी रस्त्याला लागली. पहिले दोन किलोमीटर बरे गेले. मग पुलाचा चढ आला. अर्ध्या चढावर पुढची ट्रॅक्टर-ट्रॉली एकाएकी थांबली. धम्मदीपानंही गाडी थांबवली. थोड्या वेळानं ट्रॉली निघाली. तिनं ब्रेकवरचा पाय उचलला, क्लच सोडला, आणि गाडीला हिसका बसून इंजिन बंद पडलं.

गाडी मागे सरकू लागली.

"हँडब्रेक, हँडब्रेक!" नवीनशेठ ओरडला. तिनं तो ओढला. तो अल्लद वर आला आणि काहीच झालं नाही. आरशात तिला मागे स्कूटीवरची एक बाई दिसली, तिच्या पुढ्यात दप्तर घेतलेली पोरगी. बाई पाय टेकवून स्कूटी मागे ढकलायला बघत होती, पण तिच्या पाठीशी ऑटो होता. धम्मदीपानं ब्रेक दाबला. इंजिन बंद पडल्यामुळे तो दगडासारखा कडक झाला होता आणि तिची नुसती बोटंच पोचत होती. मग तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, सीटवरून उठली आणि अंगाचा सगळा भार टाकून ब्रेकवर उभीच राहिली. डोकं छताला लागलं. तिला नुसता ऑटोचा हॉर्न ऐकू येत होता.

गाडी थांबली.

मागचं दार उघडून धम्मरत्ननं उडी मारली. रस्त्याकडेचा धोंडा त्यानं दोन्ही हातांनी उचलून आणला आणि चाकामागे घातला. स्कूटीचं चाक तिथून वीतभर दूर होतं. स्कूटीवरची पोरगी रडत होती. तिची आई धम्मरत्नला वाट्टेल तसं बोलली आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"वायर ढिली असंल, पाच मिनटाचं काम आहे," नवीनशेठ म्हणत होता.

धम्मदीपा खाली उतरली. "ही गाडी तुमीच न्या, भाऊ," एवढंच ती बोलली.

घरी तीन दिवस जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं. तिला वाटत होतं, आता हा म्हणणार, तुझ्यानं गाडी होत नाही. तो म्हणाला नाही. पण पेढेवाल्याला नको म्हणायला गेला, तो तासभर घरी आलाच नाही.

चौथ्या दिवशी रामधननी निरोप दिला. जऊळक्याला ग्यानबा म्हणून निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांची नऊ वर्षांची छोटी हिरवी गाडी विकायची होती. धम्मदीपानं आधीच फोन करून बजावलं, "मी येईपर्यंत चालू करू नोका." जायला निघाली तर धम्मरत्न चप्पल घालून दारात उभा.

पोचल्यावर तिनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला, ताप पाहावा तसा. थंडगार, म्हणजे आधी चालू करून तापवून ठेवलेली नव्हती. मगच चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्या दमात लागलं. पाठ सीटला टेकलेली असताना क्लच तळापर्यंत जात होता. बॉनेटची दोन्ही टोकं दिसत होती. डाव्या दारावर मोठा पोचा होता.

"हा मीच पाडला," ग्यानबा आपणहून बोलले. "गेटले घासली. अन् एसी गार करत नाई, तेही सांगून ठेवतो."

"रामधनकाका, इथं चढ कुठी आहे?" तिनं विचारलं.

रामधन शेजारी बसले. मागच्या सीटवर धम्मरत्न चढला तेव्हा तिनं आरशात पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. रेल्वेकडच्या चढावर मधोमध तिनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय सावकाश उचलला. गाडी जागची हलली नाही. मग क्लच सोडता सोडता बारीक थरथर तळपायाला जाणवली. तिथंच तिनं पाय थांबवला, हँडब्रेक सोडला आणि गाडी वर चढली. घामानं तिची पाठ सीटला चिकटली होती.

"घेऊन टाक," धम्मरत्न मागून म्हणाला.

रविवारी भाऊ आले. थोरला गाडीभोवती चक्कर मारून म्हणाला, "एवढीशीच घेतली?"

"चालवनारीचे पाय पुरले पायजेत, दादा," धम्मरत्ननं सांगितलं आणि चहा टाकायला आत गेला.

पक्कं लायसन हाती आल्यावर पहिल्या लसीकरणाला धम्मदीपा एकटी निघाली. बसस्टँडसमोर गाडी दोनदा बंद पडली. मागून एस.टी.नं हॉर्नचा गजर लावला. तिनं मागे पाहिलंच नाही, चावी फिरवली. उपकेंद्राशी पोचली तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. ओट्यावर तांड्यावरची भुरीबाई नातवाला मांडीवर घेऊन एकटीच बसली होती.

"आज लवकर आल्या सिस्टर? थांबा, बाकीच्यायले हाक मारते."

धम्मदीपानं लसीचा डबा टेबलावर ठेवला. तिनं साबणानं हात धुतले आणि खुर्चीत बसून नोंदवही उघडली. बाहेर बायकांचे आवाज जमू लागले, तेव्हा उठून तिनं पहिल्या लेकराला आत बोलावलं.