इसाकभाईंची चिंगमची पेटी

इसाकभाई परकार कुठल्याही बिघडलेल्या वस्तूला हात लावण्यापूर्वी ‘बिस्मिल्ला’ म्हणत आणि मग तिची विचारपूस करायला लागत. “काय दुखतां? कवापासून दुखतां?” मग ते भिंतीवरचं घड्याळ असो, बर्फाचं कपाट असो, नाहीतर एखाद्या मडमेचं शिवणयंत्र. उत्तर ऐकू आल्यासारखी मान हलवीत आणि मगच स्क्रू ड्रायव्हर काढीत. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, उन्हानं म्हातारा कामातून गेला. पण कुवेतला नव्यानं आलेल्या माणसाला सुरुवातीला सगळेच कामातून गेलेले वाटतात.

अहमदी म्हणजे तेल कंपनीनं वाळवंटात वसवलेलं गाव. एका अंगाला साहेबांचे बंगले आणि त्यांचा क्लब, दुसऱ्या अंगाला आम्हा कारकून-कामगारांच्या बराकी आणि एक कँटीन. मी क्लबच्या स्टोअरमध्ये होतो आणि इसाकभाई क्लबचे मेकॅनिक. ते दाभोळच्या खाडीच्या पलीकडच्या काठचे, मी अलीकडच्या. “गावात असतो तर खाडी ओलांडताना तरीमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसलो असतो, जोशीबुवा,” ते म्हणत. “हय वाळवंटान जवळ आणलान.” शुक्रवारी आमच्या बाजूच्या बराकीत कोकणातली मंडळी नमाजाला जमत, तेव्हा पुढे इसाकभाई उभे राहत. ते कोणी मौलवी नव्हते. पण वय होतं, वागणं सरळ होतं, आणि खोटं बोलताना त्यांना कोणी पकडलेलं नव्हतं. परदेशात एवढ्या भांडवलावर माणसाला मोठं मानतात.

क्लबात पेट्या आल्या त्या साली सगळ्या अहमदीत दुसरा विषय नव्हता. आपल्याकडच्या स्टेशनवरच्या वजनकाट्याएवढी उंच पेटी, अंगाला एक दांडा. खाचेत नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, की काचेमागची तीन चाकं फिरत. चाकांवर चेरी, लिंबू, आलुबुखार आणि घंटा अशी चित्रं. तिन्ही चाकं जुळली तर खालच्या वाटीत नाण्यांचा पाऊस. इसाकभाईंनी पेटी पाहिली, चहूबाजूंनी फिरले, आणि सेक्रेटरीसाहेबाला सांगून टाकलं, “साब, ये जुआ है. मैं हाथ नहीं लगाऊंगा.” जुगाराला त्या मुलखात परवानगी नव्हतीच. साहेब हसला. त्यानं पेटीच्या बगलेला बसवलेली एक पत्र्याची नळी दाखवली. तिच्यात चिंगमच्या पुड्या रचलेल्या होत्या. नाणं टाकलं की पुडी पडते. म्हणजे हे चिंगमचं दुकान, वर जुळलेली चित्रं ही दुकानदाराची खुशी. असे कायदे चुकवण्यासाठीच त्यांच्या देशात ही नळी निघाली होती, हे साहेबानं तितक्याच खुशीत सांगितलं.

इसाकभाई दोन दिवस विचारात होते. मग त्यांनी नळी उघडली. पुडी कधी पडे, कधी अडके. कंपनीनं ती नावापुरतीच बसवली होती. पण इसाकभाईंचं मन नावापुरत्या गोष्टीवर बसणारं नव्हतं. “पैसा दिला, वस्तू घेतली, तर तां दुकान. पैसा दिला नि वस्तू नाय आली, तर तो जुगार. मग वस्तू आलीच पाह्यजे,” ते मला म्हणाले. त्यांनी नळीला नवा खटका केला. कानस चालवून चालवून त्यांची बोटं सोलवटली. त्यानंतर त्यांच्या पेट्यांमधून एकही नाणं पुडी दिल्याशिवाय गेलं नाही. पुढे रुपया जाऊन दिनार आला तेव्हा नाण्याची खाच त्यांनी नव्यानं कापली, पण खटका तोच ठेवला. काम झालं त्या दिवशी त्यांनी मला पहिली पुडी दिली आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला ती चघळावी लागली. अत्तर चघळल्यासारखी चव होती.

त्याच सुमाराला सलीम आला. सलीम म्हणजे इसाकभाईंच्या बायकोचा, झुबेदाभाभींचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा झुबेदाभाभींनीच त्याला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. विशीतला, उंच, पाण्यात माशासारखा पोहणारा पोरगा. त्याला गावात इंजिनाचा मचवा घ्यायचा होता. बराकीतल्या खाटेवर पडल्या पडल्या तो मचव्याची लांबी-रुंदी हातानं दाखवी आणि शेजारच्याच्या नाकावर फटका मारी. “माझ्या बायकोन मना काय सांगितलान म्हायत हाय?” इसाकभाई म्हणत. “दागिने नको, कापड नको. नेलास तसा परत आण.” मला वाटतं, कुवेतमधल्या त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना खरं काम हे एकच होतं.

मग सेक्रेटरीसाहेबाच्या डोक्यात आलं, की चिंगमचं दुकानच आहे तर ते कारकून-कामगारांच्या कँटीनमध्ये का नसावं. एक पेटी आमच्याकडे आली. पहिले काही दिवस कोणी तिच्याकडे फिरकेना. आमच्या कोकणी मुसलमानांतला एकही माणूस जन्मात पत्त्यांना शिवलेला नव्हता. शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी इसाकभाईंनाच विचारलं. इसाकभाईंनी खटका समजावून सांगितला. आत काय आहे, पुडी कशी पडते, कशी चुकत नाही. “दुकान हाय,” ते म्हणाले. “मी स्वतः केलाय.” त्यात खोटं अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पेटीपुढे रांग लागली.

साहेबलोक खेळत ते दारूच्या घोटाबरोबर आणि हसत. आमचे लोक खेळायचे ते इसाकभाईंच्या शब्दावर, आणि कोणी हसत नसे. तंबाखूची सवय सुटली असं पत्रातून सांगून बायकांना खूश करणारे लोक पुडीवर पुडी घेऊ लागले. कँटीनभर चिंगमचा वास सुटला. सलीम कामावरून सुटला की आधी पेटीशी जाई, मग जेवायला. आणि हळूहळू जेवायलाही जाईना.

इसाकभाईंना कळलं ते मुंग्यांमुळे. सलीमच्या खाटेखाली मुंग्यांची रांग लागली होती. त्यांनी ट्रंक ओढली तर आत पुड्याच पुड्या, एकही उघडलेली नाही. ते तिथंच खाली बसले. मी दारात उभा होतो. “जोशीबुवा,” ते म्हणाले, “दुकानातना आणलेलां माणूस खातो हो. ह्यो खात नाय.” एवढी वर्षं झाली, पण तो चेहरा मला विसरता येत नाही.

ते सरळ सेक्रेटरीकडे गेले. कँटीनमधली नळी काढून टाकू द्या, म्हणाले. चिंगम नसलं की तो उघड जुगार होईल आणि आमचे लोक आपणच लांब होतील. साहेबाला हसू आवरेना. नळी काढली तर तो जुगार होईल म्हणूनच तर ती काढता येणार नव्हती. नियम होता.

साहेब अगदीच वाईट होता असं नाही. तक्रारी त्याच्याकडेही येत होत्या. एका फिटरनं पेटीच्या काचेवर डोकं आपटून घेतलं, तेव्हा क्लबाच्या कमिटीनं बैठक भरवली आणि खेळणाऱ्यांच्या भल्यासाठी सुधारणा ठरवल्या. कमिटी बसली की सुधारणा निघतेच, माणूस सुधारो न सुधारो. ठरलं असं, की पेटीनं काही लपवू नये, म्हणून काच मोठी करावी. वरची-खालची चित्रंही दिसू देत, म्हणजे लोकांना कळेल की आत कुठली चित्रं किती आहेत. आणि दांडा लागोपाठ ओढता येऊ नये; मध्ये थोडा वेळ जावा, म्हणजे माणूस विचार करील.

इसाकभाईंनी ही दोन्ही कामं अशी केली, की लग्नघरची कामंही कोणी इतक्या हौसेनं करत नसेल. घड्याळाची कमान काढून दांड्याला बसवली. काच स्वतः कापली. त्यांना खरंच वाटत होतं, की आता पोरगा सुटेल. पण झालं उलटंच. आधी घंटा आली नाही म्हणजे नाही आली. आता मोठ्या काचेतून ती दिसायला लागली, एक घर वर, नाहीतर एक घर खाली. “थोडक्यात चुकली,” असं लोक म्हणायला लागले. ती काच बसण्यापूर्वी कँटीनमध्ये हे शब्द मी ऐकले नव्हते. आणि मध्ये जो विचारासाठी वेळ ठेवला होता, त्यात लोक डोळे मिटून दुवा मागू लागले. सलीम दांड्यावर हात ठेवून कमान सुटायची वाट बघत उभा राही. पूर्वी तो खेळायचा. आता तो पेटीपुढे थांबायचा. ते जास्त वाईट होतं.

एका शुक्रवारी नमाजानंतर इसाकभाई सगळ्यांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “मी तुमाला दुकान म्हणून सांगितलां. तां दुकान नाय. माझां चुकलां. तिकडे जाव नका.” काही जणांनी सोडलं. पण एका वयस्क खलाशानं शांतपणे विचारलं, “इसाकभाई, तवा दुकान व्हतां नि आता नाय? पेटी तर तीच हाय.” सलीम मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता आणि तिथून तो कँटीनकडेच गेला.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी पेटी उघडून दाखवायचं ठरवलं. दुपारी कँटीन बंद असताना सलीमला घेऊन आले. किल्ली माझ्या ताब्यात असल्यामुळे मीही होतो. त्यांनी मागचा पत्रा काढला आणि चाकं हातानं एकेक घर फिरवून दाखवली. पहिल्या चाकावर घंटा बऱ्याच होत्या, दुसऱ्यावर कमी, आणि तिसऱ्यावर फक्त एक. बाकी सगळी लिंबं. “बघ,” ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. “बाबा, हय नशीब नाय, दुवा नाय, काय नाय. लोखंड हाय. मी ह्याच्यात हात घातलाय, मना म्हायत हाय. तुझ्यासाठी आत काय ठेवलेलां नाय.”

सलीमनं वाकून तिसरं चाक नीट पाहिलं. बोटानं ती घंटा चाचपली. मग तो सरळ झाला आणि अगदी समजूतदारपणे म्हणाला, “पण दुल्हेभाई, एक तर हाय ना.”

इसाकभाईंनी पत्रा परत लावला. एक स्क्रू त्यांच्या हातून खाली पडला, तो मी उचलून दिला.

देश स्वतंत्र झाल्यावर पुढे वर्ष-दोन वर्षांत सरकारनं डोळे वटारले. चिंगम असो की काही असो, या पेट्या चालणार नाहीत, असा हुकूम आला. मला वाटलं, सुटलो. इसाकभाई तर अंगात वारं भरल्यासारखे कामाला लागले. पेट्या मोडायच्या नव्हत्या. आखाताच्या खालच्या एका बंदरात अजून मनाई नव्हती, तिथल्या खलाशांच्या क्लबनं त्या विकत घेतल्या होत्या. इसाकभाईंनी स्वतः खोकी ठोकली आणि त्यांच्यावर बंदराचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं, एकही चुकून परत येऊ नये म्हणून. कुवेत शहरातल्या शर्कच्या किनाऱ्यावर खोकी गलबतावर चढवायला माणसं हवी होती. सलीम आपणहून आला. किती दिवसांनी तो अंग मोडून काम करत होता. खोकी उचलताना त्याच्या दंडाच्या शिरा फुगलेल्या बघून इसाकभाई मला म्हणाले, “बघा, पोरगा माणसात आला.” पुढच्या महिन्यात सलीम नाहीसा झाला. कुठं गेला ते शोधावं लागलं नाही. नाव त्यानं वाचलेलं होतं.

इसाकभाई त्या बंदरात जाऊन आले. काय बोलणं झालं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकटेच परत आले, नोकरीचा राजीनामा दिला आणि मुंबईच्या बोटीत बसले. मी त्यांना पोचवायला गेलो होतो. “इसाकभाई, तुम्ही जे केलंत ते नियमानं केलंत,” मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. ते म्हणाले, “नियमान केलां म्हणून तर सगळी विश्वासान गेली.”

दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा तरीनं खाडी ओलांडून मी त्यांच्या गावी गेलो. इसाकभाई पार वाळले होते. झुबेदाभाभींनी चहा दिला, तांदळाच्या पिठाची सांदणं दिली, आणि पदर सावरून माझ्यासमोर बसल्या. “भाऊ, तुमी व्हता ना तिकडे तवा,” त्या म्हणाल्या. “सलीमच्या मातीला माणसां व्हती ना? आंघोळ, कफन, सगळां नीट झालां ना?” मी इसाकभाईंकडे पाहिलं. ते दाराबाहेर बघत होते. सलीम त्या बंदरात त्याच पेट्यांपुढे उभा असतो, असं आदल्याच महिन्यात तिकडून आलेल्या एका खलाशानं मला सांगितलं होतं. मी म्हणालो, “हो भाभी. सगळं नीट झालं. पुष्कळ माणसं होती.” त्यांनी डोळे पुसले आणि आणखी एक सांदण माझ्या पुढ्यात ठेवलं.

तरीपर्यंत इसाकभाई माझ्याबरोबर चालत आले. तरीवाला वल्ही बांधत होता, तेव्हा ते म्हणाले, “जिता हाय म्हणून सांगितलां असतां, तर ती रोज दारात वाट बघत उभी राह्यली असती. आज येल, उद्या येल. तसा उभा राह्यलेला माणूस मी बघितलाय, जोशीबुवा. घरात अजून एक नको.”