पहिलं कोणाला घ्यायचं

फोन आला तेव्हा मी बँकेच्या निफाडच्या शाखेत होतो. बायको एवढंच म्हणाली, "ताई उठत नाहीयेत..." तिथून गंगापूर रोडवरच्या घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ताईबरोबरचं बालपण नव्हतं, तिने घोकून घेतलेले पाढे नव्हते. दीड वर्षापूर्वी मी तिला चारचौघांत बोललो होतो, तेवढं एकच वाक्य घोळत होतं. ते परत घ्यायला मला सवड झाली नव्हती. सवड कसली, ताठा म्हणायचा तो. आमच्या दोन घरांमध्ये अंतर होतं दोन जिन्यांचं.

ताराताई माझी थोरली बहीण. सगळी नोकरी कळवणच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आली. येताना तिने एक खाकी पिशवी आणली होती. तिच्यात लगोरीच्या सात चपट्या ठिकऱ्या आणि एक रबरी चेंडू. आमची अन्वी तेव्हा आठ वर्षांची, एकुलती एक, शिवाय हट्टी. पहिला डाव आपला नसेल तर बॅट उचलून घरी यायची आणि मग रडायची, की मला कोणी घेतच नाही. मी नेतृत्वगुण शिकवणारा एक क्लास शोधून ठेवला होता. ताई म्हणाली, "विनू, महिनाभर माझ्याकडे सोड तिला."

मी मनात हसलो होतो, कारण ताई खाली जाऊन करायची काय, तर पायरीवर बसून राहायची. उपदेश नाही, शिट्टी नाही. तिच्या खेळात कच्चं लिंबू नसायचं, एवढं मात्र खरं. लहानग्यालाही पूर्ण डाव मिळायचा आणि तो आउटही व्हायचा. कॅप्टन रोज नवा. त्याने पिशवी उचलून आणायची, लगोरी रचायची आणि पाणी सगळ्यांच्या शेवटी प्यायचं. अन्वीची पाळी आली त्या दिवशी तिने सगळ्यांवर इतकी आरडाओरड केली, की अर्ध्या तासात पोरं पांगली आणि ही एकटी सात ठिकऱ्यांपाशी उभी. मी गॅलरीतून बघत होतो. खाली यायला निघालो तर ताईने बसल्या जागेवरून हातानेच थांब म्हटलं. अन्वीने रडत रडत ठिकऱ्या गोळा केल्या... दोन महिन्यांनी हीच मुलगी खिडक्यांखाली उभी राहून एकेकाला नावाने हाका मारत होती. त्याचं श्रेय मी ऑफिसात स्वतःकडे घेतलं होतं, हेही लिहून टाकतो.

मग सोसायटीच्या स्नेहमेळाव्यात लगोरीचा सामना ठरला. दोन कॅप्टन, त्यातली एक अन्वी. आळीपाळीने गडी निवडायचे. मी आमच्या मॅनेजरसाहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. पहिली निवड अन्वीची होती आणि समोर सोसायटीतला सगळ्यात चपळ मुलगा तयारीत उभा. ती म्हणाली, "सानिका." सानिका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची, लहानपणापासून एका पायाने लंगडणारी मुलगी. खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. अन्वीने तिला लगोरीपाशी बसवलं आणि बाकीच्यांना तिच्याभोवती उभं केलं. चेंडू सगळे अंगावर घेत होते आणि सानिका शांतपणे ठिकऱ्या रचत होती. एक ठिकरी राहिली आणि ते हरले. साहेब हसून म्हणाले, मुलगी समाजसेवेत जाणार दिसते.

माझ्या अंगाची आग झाली. मी सगळ्यांदेखत ताईला म्हणालो, "तुझ्या कळवणच्या शाळेत चालत असेल हे. माझ्या मुलीला हरायला शिकवू नकोस."

ती खाली वाकून ठिकऱ्या गोळा करत होती. म्हणाली, "चुकलं माझं, विनू. मीच सांगितलं होतं तिला."

दुसऱ्या दिवसापासून ती खेळायच्या जागेवर गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. अन्वीला मी त्या क्लासला घातलं. ताईकडे येणंजाणं होतं, चहा होत होता, तो विषय मात्र कोणीच काढला नाही. मीही तिचे गुडघे खरे मानले, कारण तेच माझ्या सोयीचं होतं.

ताई गेली. जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि अन्वी आणि मी ताईची खोली आवरायला घेतली. दारामागच्या खिळ्यावर ती पिशवी होती. अन्वी तिच्याकडे बघत म्हणाली, "पप्पा, आत्याने मला तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. सानिकाला मीच घेतलं होतं. ती रोज शेवटी उरायची. तसं उरल्यावर कसं वाटतं, ते मला माहीत होतं."

मग तेव्हा का नाही बोललीस, असं मी विचारलं.

"तुम्ही खूप चिडला होतात. आत्या म्हणाली, राहू दे. माझ्यावर तो फार दिवस रागावत नाही."

मी तसाच पलंगावर बसलो. माझी मुलगी ज्या दिवशी खरी कॅप्टन झाली, त्याच दिवशी मला तिची लाज वाटली होती. आणि ताईने माझ्यावर टाकलेला विश्वासही मी दीड वर्ष खोटा ठरवला. मला तिची माफी मागायची आहे आणि आता ती ऐकायला कोणी नाही. हे दुःखापेक्षा जड आहे.

पिशवी आता आमच्या दारामागे असते. परवा संध्याकाळी मी ती खाली न्यायला उचलली, तर अन्वीने हातातून घेतली. कॅप्टनने उचलायची असते, म्हणाली. क्लास तिने सोडला आहे, मी अडवलं नाही. मी खाली गेलो आणि ताईच्या पायरीवर न बसता बाजूला उभा राहिलो. मुलं मोजली तर एक गडी कमी होता. सानिका म्हणाली, काकांना घेऊ या. मी म्हटलं, अगं, मला नेम धरता येत नाही, पळवत नाही, माझ्यामुळे हराल.

सगळे ओळीत उभे राहिले, मीही राहिलो. अन्वीने एकदा ओळीवरून नजर फिरवली. तो चपळ मुलगा अजूनही सगळ्यांच्या पुढेच उभा होता.

"पप्पा," तिने पहिलं नाव घेतलं.