इंग्रजी-नापास बायकांच्या बाई

बाईंना अर्धं वाक्य चालत नसे. भाजीवाल्यानं "किती देऊ?" असं विचारलं, की त्या पिशवी काखेत धरून तशाच उभ्या राहत. "काय किती? पुरं वाक्य बोला." बिचारा एकदा वांग्यांकडे आणि एकदा बाईंकडे बघत म्हणे, "बाई, तुम्हाले वांगे किती देऊ?" मग बाई प्रसन्न होऊन सांगत, "मले वांगे अर्धा किलो द्या." मागं गिऱ्हाइकांची रांग लागलेली असे. आम्ही त्यांना पाठीमागं 'फुलसेंटेन्स' म्हणत होतो. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी स्वतःच फळ्यावर लिहिलं, 'शी इज अवर फुलसेंटेन्स.' आणि वळून म्हणाल्या, "नाव ठेवाचं तं असं ठेवा. त्यात क्रियापद पाहिजे."

आम्ही पंधरा-सोळा जणी होतो. सगळ्या लग्न झालेल्या आणि सगळ्या मॅट्रिकला इंग्रजीत नापास. गणितात पास, इतिहासात पास, फक्त या एका विषयानं उंबरठ्यावरून मागं ढकललेल्या. सत्तरच्या त्या दशकात मॅट्रिक पास बाईला नोकरी मिळायची, नापास बाईला दळण. माझे यजमान लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. एकाच्या पगारात भागत नाही म्हणून त्यांनीच माझं नाव या वर्गात घातलं. बाई सकाळी महापालिकेच्या शाळेत शिकवत आणि दुपारी त्याच शाळेच्या एका खोलीत, स्वयंपाकघरं झाकून आलेल्या आम्हा बायकांना. फी द्यायची ती पास झाल्यावर, असा त्यांचा नियम होता.

पहिल्याच आठवड्यात घोडं अडलं ते नवऱ्याच्या नावावर. धडा होता 'माय फॅमिली'. "माय हजबंड्स नेम इज..." इथपर्यंत सगळा वर्ग खणखणीत म्हणे आणि तिथं गाडी थांबे. कुणी पदराशी चाळा करे, कुणी खिडकीबाहेर बघे. एक जण तर "माय हजबंड्स नेम इज गुड," असं म्हणून खाली बसली. बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"काहून? नाव घेतलं तं काय होते?"

"पाप लागते ना बाई."

बाई स्वतः बौद्ध. दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून आईबरोबर चालत गेलेल्या. आमच्या पाप-पुण्याशी त्यांचा हिशेब केव्हाच मिटला होता. पण त्यांनी वाद घातला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या देवाले इंग्रजी येते का?"

या प्रश्नाचा विचार कुणी केलेला नव्हता.

"नाही ना येत? मंग बोला. त्याले काही समजत नाही."

तरी धीर होईना. शेवटी सगळ्यांत वयस्कर अशा सिंधूताई उठल्या. त्यांना नातू होता, आणि मुलानं पैज मारली म्हणून त्या पुन्हा मॅट्रिकला बसणार होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लग्नातल्यासारख्या सुरात उखाणाच घेतला, "द टी इज हॉट, द वॉटर इज कोल्ड, माय हजबंड इज नारायणराव, ही इज ओल्ड!" वर्ग असा हसला, की शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "व्याकरणात एक चूक नाही." त्या दिवसानंतर आमच्या वर्गात नवऱ्यांची नावं इतकी मोकळेपणानं घेतली जाऊ लागली, की कोण कुणाला मारतो, कोण पगार घरी आणत नाही, हेही इंग्रजीतच बाहेर पडलं. मराठीत ते आम्ही एकमेकींना कधीच सांगितलं नसतं.

उन्हाळा लागला आणि विनंतीचा धडा आला. शाळेचा नळ दुपारी कोरडा असे, म्हणून बाई घरून स्वतःची सुरई आणत. धडा तोंडी म्हणून भागणार नव्हतं. एकीनं उठायचं, "वुड यू प्लीज गिव्ह मी अ ग्लास ऑफ वॉटर?" असं विचारायचं, बाईंनी सुरईतून ग्लास भरून द्यायचा आणि तिनं तो प्यायचा. चार-पाच जणी पाणी पिऊन बसल्या आणि माझी पाळी आली.

मी काटोलकडच्या शेतकरी घरातली. आमच्या गावात बाईंच्या समाजाची विहीर वेगळी होती. त्यांच्या हातचं पाणी पिऊ नको, असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. मी प्रश्न बरोबर विचारला. ग्लास माझ्या हातात आला आणि हात वर जाईना. नागपूरचा मे महिना, घशाला कोरड पडलेली, आणि मी बघत उभी त्या पाण्याकडं.

बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या सुरईच्या तोंडावरचा ओला फडका नीट करत होत्या. "काय झालं वं?" त्या म्हणाल्या. "तू मागितलं, म्या देल्लं. आता ते पाणी गरम होऊन राहिलं."

मी प्यायले. थंड होतं, वाळ्याचा वास येत होता. "थँक यू," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "नेक्स्ट." घरी मी यातलं काही बोलले नाही.

मग बाईंनी गृहपाठ दिला. घरातल्या तीन माणसांना थँक यू म्हणून या. मी सुरुवात सासूबाईंपासून केली. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी ताटात भाकर वाढली आणि मी म्हटलं, "थँक यू, आत्याबाई." त्यांचा हात टोपलीतच राहिला. संध्याकाळी यजमान वखारीतून आले, तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या.

"तुही बायको मले थँक्यू म्हणते. घरच्या माणसाचे कोणी आभार मानते काय? मी काय परकी हाव?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वर्गात रडकुंडीला येऊन ही हकीकत सांगितली, तर तिसऱ्या दिवशी बाई थेट आमच्या घरी. आत्याबाईंसमोर चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, चूक माही आहे. पोरीची नाही. इंग्रज लोक घरीही आभार मानतात, आपल्यात नाही मानत, हे म्या तिले सांगितलंच नव्हतं."

"मंग आपल्यात काय म्हणाव?"

"आपल्यात 'अजून एक भाकर वाढा' म्हणतात."

आत्याबाईंना हे पटलं. इतकं पटलं, की त्यांनी चहा टाकला. दोन कप बाहेर आले. एक चांगला, आणि एक दांडी तुटलेला, कडेला टवका गेलेला, एरवी कोनाड्यात वेगळा ठेवलेला. तो कुणासाठी असतो हे मला माहीत होतं. बाईंनाही माहीत असणार. आत्याबाईंनी चांगला कप माझ्या पुढ्यात ठेवला आणि तुटका बाईंच्या. आत्याबाई साखरेचा डबा ठेवायला वळल्या तेवढ्यात मी कप बदलले. त्या परतल्या तेव्हा बाई चांगल्या कपातून चहा पीत होत्या आणि मी तुटक्यातून. आत्याबाईंनी पाहिलं. पाहुण्यासमोर त्या काही बोलल्या नाहीत, पण बाई गेल्यावर दोन्ही कप राखेनं घासले आणि पुन्हा दोन दिवस अबोला धरला. थँक यूचे दोन आणि कपाचे दोन, असे एकाच आठवड्यात चार दिवस मी त्या घरात मुकी होते.

त्या दिवशी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा बाई चप्पल घालता घालता हळूच म्हणाल्या, "कप फुटका होता वं. ओठ तं नाही कापला?"

परीक्षेत निबंध आला, 'थंड हवेच्या ठिकाणची सहल'. आमच्यापैकी एकीनंही थंड हवा पाहिलेली नव्हती. पण बाईंनी आधीच बजावलं होतं, "जे पाह्यलं नाही ते लिहाले गेलं, की इंग्रजी चुकते. टेकडी पाहिजे ना? रामटेकची लिहा." त्यामुळं त्या वर्षी तपासनीसाच्या हाती पंधरा थंड हवेची ठिकाणं आली आणि प्रत्येक ठिकाणी माकडांनी कुणाचा तरी नारळ पळवला होता. मी काठावर पास झाले. सिंधूताई माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवून पास झाल्या आणि नारायणरावांनी गल्लीत पेढे वाटले.

मला रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात, नावं नोंदवायच्या खिडकीवर नोकरी लागली. फॉर्म इंग्रजीत असत, म्हणून मॅट्रिक पास बाई हवी होती. वर्षं गेली. बाईंची भेट सणासुदीला होई, मग तीही कमी झाली. आणि एका सकाळी खिडकीपुढच्या रांगेत बाई उभ्या. साधं सुती पातळ, वाळलेले हात, आणि खोकला. मी बाहेर धावले. "एकट्याच आल्या?" तर म्हणाल्या, "भाचा बाहेरगावी आहे. तू आहे ना."

छातीचे एक्स-रे फोटो काढून झाले. तरुण डॉक्टरांनी मला आत बोलावलं. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि मग माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. कॅन्सर दोन्ही फुफ्फुसांत पसरलाय, म्हणाले. आता फार काही करता येणार नाही. पेशंटला सांगू नका, घरच्यांना पाठवून द्या.

बाईंनी खोकला आवरला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, प्लीज टेल द पेशंट. शी अंडरस्टँड्स इंग्लिश."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चेहरा लाल झाला. बाईंनीच त्यांना हातानं बसायला सांगितलं, वर्गात सांगत तसं, आणि विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. किती महिने, दुखेल किती, शाळेत जाता येईल का.

बाहेरच्या बाकावर मी रडत होते. बाईंनी माझ्या हातातून त्यांचा कागद घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला. "रडून काहून राहिली वं? पोरगा चांगला आहे. पण इंग्रजी लपवाले वापरते. म्या तुम्हाले ते नव्हतं शिकवलं." मग पिशवी काखेत धरत म्हणाल्या, "मले रिक्षा पाहून दे. मुलींच्या वह्या तपासाच्या राहिल्या."

दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

मी त्या खिडकीवर निवृत्त होईपर्यंत बसले. हे तुमचं काम नाही, असं मला दोनदा सांगण्यात आलं. पण कुणी खेड्यावरून आलेलं माणूस तपासून बाहेर येई, कागद माझ्यापुढं धरी आणि विचारी, "बाई, काय लिवलं हाय यात?" तेव्हा मी त्याला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवत असे आणि पहिल्या ओळीपासून मराठीत वाचून दाखवत असे, काहीही न गाळता.