साहेबाच्या मेजवानीचं कापड

परतूरला आमच्या शेजारी राहणारा शिंपी ओठांत टाचणी धरूनच बोलायचा आणि कुणी काहीही सांगितलं तरी "बराबर, बराबर" म्हणायचा. लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं होतं. त्याच्या बायकोत आणि मुलीत एकच धड लुगडं होतं. एक बाहेर पडली की दुसरी दाराआड बसायची.

तेव्हाच कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या साहेबानं जुन्या रोमन लोकांसारखी मेजवानी ठरवली. पाहुण्यांना अंगाभोवती गुंडाळायला लांबलचक पांढरी वस्त्रं हवी होती. तागे शिंप्याकडं शिवायला आले. काठ दुमडताना तो त्या कापडावरून उगाच हात फिरवत राहायचा.

मेजवानी झाल्यावर तो बंगल्यावर गेला आणि एक वस्त्र मागून घेऊन आला. त्यावर दारूचे लाल डाग होते. मी तेव्हा ओट्यावरच बसलो होतो.

बायको दाराआडून म्हणाली, "पांढरं नेसू? तुम्ही जित्ते असताना?"

रंगही बाजारात मिळत नव्हता.

"मंग मी न्हाईच, असं समज," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी कितीतरी दिवसांनी सोबत पाण्याला गेल्या. आडावरच्या बाया त्या पांढऱ्या लुगड्याकडं पाहून गप्प झाल्या. तो मशीनवर बसला होता. पाय मात्र हलत नव्हते.