तिच्या हातची पिठी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरातले आजोबा मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गेले. मी चर्चमध्ये उपासनेला निघायच्या बेतात होते. वर रडणं ऐकू आलं तशी पर्स ठेवली आणि जिना चढले. पुढचे चार तास चादरी, फुलं, फोनसाठी वाण्याच्या दुकानापर्यंतच्या फेऱ्या यांत गेले. साडेअकराला पुरुषमंडळी आजोबांना घेऊन गेली. माझा नवराही गेला.

बोरीवली पूर्वेची आमची सोसायटी सोळा घरांची. मे महिन्यात बायकामुलं गावी जायची आणि मागे राहिलेले नवरे खानावळीचे डबे खायचे. त्या दुपारी अख्ख्या बिल्डिंगमध्ये बायका तीनच होत्या. वरच्या आजी, त्यांची सून आणि मी.

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात जातो. आमचं घराणं नगरकडचं, दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं, पण ही रीत आमच्याकडेही आहे. तेव्हा कोण करणार हा प्रश्नच मला पडला नाही. खाली आले, कुकर लावला, बेसन कालवलं.

घाईला कारण होतं. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर होते. आजींची साखर उतरवायची गोळी मला ठाऊक होती. रोज सहाला उठून त्या गोळी घ्यायच्या आणि मग न्याहारी करायच्या. त्या दिवशी गोळी पोटात गेली आणि न्याहारीच्या आत आजोबा गेले. निघताना मी पाहिलं तेव्हा त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं आणि बोटं थरथरत होती. ते सगळं रडण्याचं नव्हतं, साखर उतरल्याचं होतं. सुनेला साखरेचं पाणी द्यायला सांगितलं, पण पाण्यावर अर्धा तास निघतो, दिवस निघत नाही. रविवार असल्यामुळे जवळचे डॉक्टरही बंद.

मी झाकलेलं पातेलं घेऊन वर गेले. सून दारातच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.

"ताई," ती म्हणाली, "रागावू नका. आई नाही खाणार."

"दोन घास तरी. नाहीतर बेशुद्ध पडतील गं."

"मी सांगून बघितलं. त्या म्हणतात, आज तरी मला बाटवू नका." आणि ती रडायला लागली. "मी काय करू हो? मी खाईन तुमच्या हातचं. पण त्यांना कसं..."

मला हे नवीन नव्हतं. सात वर्षं मी नाताळचं ताट वर पाठवत होते. ताट हसून घेतलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दोन्ही घरी काम करणारी बाई मला सांगायची, "बाई, करंज्या झकास झाल्यात यंदा." मी ते मनावर घेत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे.

पातेलं हातात घेऊन मी जिन्यात उभी होते आणि डोक्यात उत्तरं तयार होत होती. सलाईन लावायची वेळ आली तर नर्सची जात विचारणार का? माझ्या खिडकीवरून औषध नेताना बरा विटाळ होत नाही? सगळी उत्तरं बिनतोड होती. सरळ आत शिरून आजींपुढे बसावं आणि खायला लावावं असं फार वाटलं. मी ते करू शकले असते. माझा आवाज तसा आहे.

मग मला माझीच शंका आली. आजींच्या पोटात अन्न जायला हवं होतं, की माझ्या हातचं अन्न जायला हवं होतं? ज्या प्रीतीबद्दल मी रविवार शाळेत मुलांना शिकवायचे, तिला कोणाचा हात लागलाय याच्याशी काही देणंघेणं नसतं. मला मात्र होतं. सात वर्षांच्या करंज्या मला त्या एका दुपारी वसूल करायच्या होत्या.

पातेलं घरी ठेवलं आणि विचार केला, आजी कोणाच्या हातचं खातील? उत्तर एकच होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

आमच्या मागच्या चाळीत आजींच्याच गावाकडची, त्यांच्याच जातीतली एक बाई राहायची. नवऱ्याची गिरणी संपात गेली ती गेलीच, ही शिवणकाम करून घर चालवायची. आमचं बोलणं बंद होतं. दवाखान्यात पातळ औषधासाठी बाटली घरून आणावी लागायची. तिने आणलेल्या बाटलीला रॉकेलचा वास येत होता, म्हणून मी तिला रांगेतून परत पाठवलं. तिचा धाकटा खोकत होता. "चर्चमध्ये गुडघे टेकतंस मा?" ती सगळ्यांसमोर ओरडली होती. "मग हय जरा कंबर वाकव!" नियमाने माझं बरोबर होतं. म्हणूनच मी माघार घेतली नव्हती. आजींना प्रेमाने जिंकायच्या नादात सात वर्षं घालवली, आणि शंभर पावलांवरच्या या बाईकडे वर्षभर मान वळवून पाहिलं नव्हतं.

मी चाळीत गेले. ती मशिनवर होती.

"काय गो, वाट चुकलंस?"

"वरचे आजोबा गेले."

तिचा पाय थांबला. "आवशी गे! माका कोणी सांगूक नाय?"

गोळीचं, घामाचं, आजींच्या नकाराचं, सगळं मी दोन मिनिटांत सांगितलं. "तुझ्या हातचं खातील. करशील?"

"करीन गो, पण कशार? स्टोत थेंब नाय. रॉकेल आता रेशनवर येयत तेव्हा." तिने क्षणभर विचार केला. "तुझा पिठला झाला हा ना? ताच घेऊन जातंय. माझ्या हातचा म्हणान सांगतंय."

"नको. खोटं नको."

"मरणाच्या घरात खऱ्याचो एवढो पुळको? म्हातारी जगूक व्हयी का नको?"

हा प्रश्न सोपा नव्हता आणि मी तो सोपा असल्यासारखं दाखवणार नाही. अर्धा तास वाचला असता. "त्यांना उद्या कळलं तर?" मी म्हटलं. "आज नवरा गेलाय त्यांचा. आजच्याच दिवशी आपण दोघी मिळून त्यांना फसवायचं?"

"दवाखान्यात पण अशीच होतंस," ती म्हणाली. "हट्टी."

"रॉकेल मी आणते. माझ्या ओट्यावर केलेलं त्यांना चालायचं नाही. सिलिंडर संपल्यावर लागतं म्हणून ठेवलंय."

"आणि बाटली चांगली धुवन आण हां!"

मला हसू आलं, पण थांबायला वेळ नव्हता. मी अख्खा डबाच उचलून नेला. स्टो पेटला. मी पिन मारत, पंप करत बसले. तिने एकीकडे तांदूळ धुतले आणि एकीकडे कुळथाचं पीठ काढलं. लसूण, मिरची, दोन आमसुलं. हात भराभर चालत होता.

"दवाखान्यात त्या दिवशी," मी म्हटलं, "मी बाटली धुवून देऊ शकले असते. नळ मागेच होता."

"होतो," ती म्हणाली. "पंप मार. जाळ कमी झालो."

मी पंप मारला.

आम्ही वर पोचलो तेव्हा आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सुनेचं नाव चुकीचं घेत होत्या. मी उंबऱ्याबाहेर थांबले. ती आत गेली, आजींच्या गळ्यात पडून आधी रडली आणि मग लगेच ताटलीत भात कालवला.

"घे गे म्हातारे. तू पण चललंस की काय त्याच्या मागोमाग? त्याका वर तरी जरा मोकळो सोड!"

सून दचकली. आजींनी मात्र तोंड उघडलं. पिठी पातळ आणि गरम होती, घशाखाली सरकत होती. माझं पिठलं घट्ट, आमच्या नगरी पद्धतीचं. रडून सुजलेल्या त्या घशातून ते उतरलं नसतं, जात बाजूला ठेवली तरी. हे मला तिथे उभं राहून कळलं.

पाचसहा घास गेल्यावर आजींनी विचारलं, "रॉकेल खंयसून मेळला गो तुका?" चाळीतली टंचाई त्यांनाही माहीत होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी 'सांग' अशी मान हलवली.

"हिचा," ती म्हणाली. "खालच्या बाईचा. पंप पण तिनाच मारल्यान."

आजींचा घास तोंडात थांबला. मग त्यांनी तो गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं. वीसेक मिनिटांनी कपाळ कोरडं झालं. सुनेचं नाव बरोबर घेऊन त्यांनी पाणी मागितलं.

मी सुनेला बाहेर बोलावलं आणि बजावलं, उद्यापासून आधी खाणं, मग गोळी, कोणी गेलं तरी आणि आलं तरी.

आजी त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. माझ्या घरचं पाणीसुद्धा त्या कधी प्यायल्या नाहीत. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी खाली उतरताना माझ्या डोक्यात हे नव्हतंच. होते ते वरची चूल बंद असण्याचे पुढचे दोन दिवस.

"उद्या काय करतंस?" जिन्यात तिने विचारलं.

"मला अकराला खिडकी सोडता येणार नाही. रॉकेल तुझ्याकडेच राहू दे. सकाळी सातला येऊन तांदूळ निवडून देते."

"साडेसहाक ये," ती म्हणाली. "म्हातारी सहाक उठता."

मी साडेसहाला गेले.