दाजींच्या बेसच्या तारा मी बदलल्या

आक्काचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपुरात एका लग्नाच्या हॉलमध्ये गिटार सुरात लावत होतो. "संज्या, ये. दाजी उठंनात," एवढंच ती म्हणाली. दुपारी जेवून आडवे झालेले दाजी चहाला उठले नाहीत, एवढीच बातमी... मी "आलो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि उरलेली एक तार सुरात लावून मगच गिटार खाली ठेवली. का, ते आजही सांगता येणार नाही. गाडीवरून कोल्हापूरला येताना सारखं तेच डोक्यात, की बहिणीवर आभाळ कोसळलंय आणि आपण खुंटी पिळत बसलो. त्या दिवशी वाटलं, याहून लाजिरवाणं आता आपल्या हातून काय व्हायचंय? पण झालं. नंतर आक्कानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. दाजींच्या बेसचा आवाज तिला एकदा ऐकायचा होता. तो मी तिला ऐकवू शकलो नाही, आणि त्यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही.

दाजी म्हणजे आनंदराव, माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. सकाळी दूध संघात नोकरी आणि संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार. चार जाड तारांचं हे वाद्य लोकांना दिसतं, पण आपल्याला ते ऐकू येतंय हे काही कळत नाही. गणपतीत, जत्रेत आमचे कार्यक्रम असायचे. मी लीड गिटारवर, म्हणजे पुढं उभा राहून केस उडवणारा. दाजी मागं ड्रमच्या शेजारी, हाफ शर्ट, पायात करकरणारी कोल्हापुरी. एकदा मलकापूरजवळच्या एका जत्रेत स्टेजला टेकून उभ्या असलेल्या एका गड्यानं त्यांना विचारलं, "पावणं, तुमचं हे वाजतंय का नुसतंच धरलाईसा?" दाजींनी हात थांबवला. गाणं चालूच होतं, पण पुढची माणसं चुळबूळ करायला लागली, गायक मागं वळून बघायला लागला. मग दाजींनी परत सुरू केलं आणि त्या गड्याकडं बघून म्हणाले, "आलं का ध्यानात?" तो इतका खूश झाला की कार्यक्रम संपल्यावर आम्हा सगळ्यांना जेवायला घरी घेऊन गेला.

बेसच्या तारांचा संच तेव्हा कोल्हापुरात सहजी मिळायचा नाही. मुंबईहून कुणी यायचं असलं की सांगून ठेवायचं आणि तोवर जुन्याच तारा उकळायच्या. होय, चक्क उकळायच्या! नेहमीच्या तारेवर बारीक तारेचे वेढे असतात. त्यांत बोटांचा घाम आणि मळ बसला की आवाज बसतो. उकळत्या पाण्यात मळ सुटतो आणि चार दिवस आवाज परत खणखणीत होतो. दाजींनी एकदा त्यासाठी आक्काचं पांढऱ्या रश्श्याचं पातेलं घेतलं. आक्का बाहेरून आली, झाकण उचलून बघितलं आणि म्हणाली, "आज रस्सा कशाचा म्हणायचा, तारंचा?" दाजी म्हणाले, "अगं, नुसतं पाणीच हाय की." त्यावर ती जे बोलली ते पुरवणीत छापण्यासारखं नाही. ते पातेलं तिनं कायमचं दाजींना देऊन टाकलं आणि रश्श्याला दुसरं आणलं.

त्यानंतर केव्हातरी आम्ही दोघं तारा निवडायला एका दुकानात गेलो. मी शहाणा, दुकानदाराच्या आधी माझंच व्याख्यान सुरू. ही स्टीलची घ्या, हिचा आवाज खणखणीत, ही निकेलची, जरा मऊ. दाजी ऐकत होते आणि प्रत्येक तारेवरून अंगठ्याचं नख ओढत होते. खर्र... खर्र... दुकानदार वैतागला. शेवटी मागं एका खिळ्याला धूळ खात लटकलेलं एक पाकीट त्यांनी काढायला लावलं. त्या तारेवर चपट्या पट्टीचे वेढे होते, वरून अगदी गुळगुळीत. नख ओढलं, काही आवाज नाही. "हे जुन्या पद्धतीचं हाय, कोण घेत न्हाय," दुकानदार म्हणाला. दाजी म्हणाले, "हेच द्या. घरात चालंल असं पायजे."

घरात म्हणजे स्वयंपाकघरात. आक्का स्वयंपाक करायची तेव्हा दाजी भांड्यांच्या मांडणीशेजारी स्टुलावर बसून सराव करायचे, पायाशी छोटा ॲम्प्लिफायर. खरबरीत तारेवरून बोट सरकलं की जी किर्र होते, ती आक्काच्या दातांत जायची. तव्यावर उलथनं घासल्यागत होतंय म्हणायची. मी दुकानातच हसलो. "दाजी, स्टेजवरचा आवाज आक्काला इचारून ठरवायचा व्हय?" ते शांतपणे म्हणाले, "मग कुणाला इचारू? रोज ऐकतंय कोण?" हा किस्सा मी पुढं कित्येक वर्षं मीठमसाला लावून सांगितला. लोक हसायचे, दाजीही हसायचे.

त्या तारा त्यांनी परत कधी बदलल्या नाहीत. उकळल्याही नाहीत. वर्षं गेली तसा त्यांचा आवाज गोल होत गेला, ठसठशीत, पण कुठंही टोचणार नाही असा. अमुक एक सूर लागला की मांडणीतलं एक स्टीलचं ताट बारीक गुणगुणायचं आणि आक्का मान न वळवता म्हणायची, "आलं बघा तुमचं ताट." मला मात्र तो आवाज मेंगळट वाटायचा. मी गिटारचे क्लास घेतो, नवं काय चाललंय ते बघत असतो, साहजिकच डोक्यात हवा! "दाजी, ह्या तारांत आता काय राहिलं न्हाय," मी भेटेल तिथं म्हणायचो. ते पायातली चप्पल दाखवायचे. "नवी हुती तवा ही बी चावायची. आत्ता कुठं पायाची झालीया." शेवटच्या भेटीतही मी तोच विषय काढला आणि आवाज चढवून बोललो. ते हसले. "मी मेल्यावर बदला की, पावणं."

दाजी गेल्यावर काही दिवसांनी आमच्या मंडळींनी त्यांच्या आठवणीत एक छोटा कार्यक्रम ठरवला. आक्काकडं तोवर सगळ्यांनी आपापल्या फोनमधले व्हिडिओ पाठवले होते. ती ते एकामागून एक लावून बघायची. मला म्हणाली, "सगळ्यात त्यांची बोटं हालत्यात, ऐकू कायच येत न्हाय रं." खरंच होतं. फोनच्या इवल्याशा स्पीकरला बेस पेलत नाही, गायक तेवढा ऐकू येतो. "तू एकदा त्यांचा बेस वाजव. मी ऐकतो आणि मग ठेवून देतो," ती म्हणाली. मी बेस घरी घेऊन आलो.

मी बेस स्वच्छ पुसला. अंगठ्याखाली तारा काळ्या पडल्या होत्या. मी बाजारातल्या सगळ्यात खणखणीत तारा आणल्या. जुन्या तारा खुंटीवरून उलगडत बसलो नाही, पक्कड घेतली आणि कडाकडा तोडल्या. सकाळी घंटागाडी आली, कचऱ्यात गेल्या. कुणी विचारलं तर सांगायला उत्तर तयार होतं, की कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून केलं, आणि दाजींनीच सांगितलं होतं. दोन्ही कारणं खोटी आहेत. एवढी वर्षं जो वाद मला जिंकता आला नव्हता तो मी जिंकत होतो, समोर बोलायला माणूस उरला नाही हे बघून. नव्या तारा चढवताना मी शीळ घालत होतो, हे मला स्वच्छ आठवतंय. थू माझ्या जिंदगानीवर.

कार्यक्रमात आक्का पहिल्या रांगेत होती. पहिलाच सूर हॉलभर खणकन घुमला. मग बोट सरकलं आणि किर्र झाली. आक्कानं दात आवळलेले मला स्टेजवरून दिसले. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग त्या पांढऱ्याशुभ्र चकाकत्या तारांकडं, आणि मान खाली घातली. गाणं संपेपर्यंत ती वर झाली नाही. मला तेव्हा कळलं मी काय करून बसलोय. आणि तरी मी वाजवत राहिलो, थांबायचीसुद्धा हिंमत झाली नाही. टाळ्या पडल्या. आमचा गायक पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय क्लिअर आवाज निघाला रं! आनंदरावांना असा मिळाय पायजे हुता." मी "थँक्यू" म्हणालो. थँक्यू!

रिक्षात आक्कानं विचारलं, "जुन्या कुठं हायत?"

"टाकल्या."

"कुठं?"

"घंटागाडीत."

"बरं," ती म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर मला झेपलं असतं. पातेल्यासाठी आकाशपाताळ एक करणारी माझी बहीण आणि ह्या वेळी नुसतं बरं... घरापर्यंत ती बाहेर बघत राहिली.

मग मी वेड्यासारखा तसल्याच गुळगुळीत तारा शोधत फिरलो. आता सगळं मिळतं, मिळाल्या. चढवल्या आणि दाजींच्या स्टुलावर बसून आक्काच्या स्वयंपाकघरात वाजवून दाखवल्या. किर्र गेली होती, पण आवाज कोराच. आक्का म्हणाली, "त्या अशा न्हवत्या." मी माझं ज्ञान पाजळलं, की हात बसावा लागतो, घाम मुरावा लागतो, वर्षं जातात, शिवाय माझा हात म्हणजे काही दाजींचा हात नव्हे. ती कणीक मळत होती. परातीतून मान न काढता म्हणाली, "मग बस की वाजवत. मी कुठं चाललोय?"

तेव्हापासून क्लास सुटला की मी तिच्याकडं जातो. भिंतीशी दाजींची चप्पल तशीच आहे, उकळायचं पातेलंही. मी स्टुलावर बसतो आणि त्यांच्या जुन्या गाण्यांचे बेस वाजवतो, ती स्वयंपाक करते. त्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोलत नाही आणि तिच्याकडं वर बघून बोलायचं मला अजून जमत नाही. परवा एका सुरावर मांडणीतलं ते ताट बारीक गुणगुणलं. आक्काचा भाकरी थापणारा हात थांबला. मीही थांबलो. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"अजून न्हाय," आक्का म्हणाली, आणि भाकरी उलटली. "वाजव."